वाकलं की दम का लागतो?

प्रश्न : वय 52, उंची 168 सें.मी., वजन 74 किलो. विडी-सिगारेट कधीच नाही. हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलंय. चपलेचा पट्टा लावायला किंवा देवळात नमस्काराला वाकलो की दम लागतो. एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करतात ती फुप्फुसांची तपासणी) दोन्ही नॉर्मल. पत्नीचं वजन 80 किलो, तिला काहीच होत नाही. असं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पत्नीची चरबी बहुधा नितंब-मांड्यांवर असावी. तिचा भार गुडघ्यांवर येतो, फुप्फुसांवर फारसा नाही. तुमची पोटात, आतड्यांभोवती साठलेली दिसते. पोट आणि छातीमधला श्वासपटल हा स्नायूचा पडदा श्वास घेताना खाली सरकतो. खाली चरबी ठासलेली असली की दर श्वासाला तिला ढकलावं लागतं. वाकताना मांड्या पोट दाबतात, पोट पडद्याला वर रेटतं. उताणं झोपल्यावरही थोडंफार तेच.

मग तपासणी नॉर्मल कशी? स्पायरोमेट्रीत जोर लावून छाती भरायची आणि फुंकायची असते. जोर लावला की पडदा खाली जातोच. पोटाच्या चरबीनं आधी घटते ती शांतपणे श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा. ती कमी झाली की तळाच्या बारीक श्वासनळ्या मिटू लागतात. साध्या रिपोर्टात हा आकडा नसतो.

तरीही सगळं ढेरीवर ढकलून मोकळे होऊ नका. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागणं हृदय कमजोर असल्याचंही लक्षण असतं. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हिमोग्लोबिन आधी करून घ्या. पायांना सूज असेल किंवा रात्री दम लागून जाग येत असेल तर लगेच. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेचीही तपासणी.

पोट मोजताना शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, टेप आडवी. सहज श्वास सोडून आकडा वाचा. पॅन्टचा नंबर धरू नका, ती बेंबीखाली उतरलेली असते! आपल्याकडे पुरुषांना 90, बायकांना 80 सें.मी.च्या वर धोका धरतात, पत्नीचंही मोजा.

तपासण्या ठीक निघाल्या तर 4 ते 7 किलो उतरवायचं ठरवा. पोटाच्या व्यायामांनी फक्त पोटाचीच चरबी वितळते असं नाही. आठवड्याला 150 मिनिटं झपाझप चाला, दोन दिवस वजनं उचला. शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) सोडू नका, पण शीत निम्मं करा आणि मासळी तळलेली नको. बियर बंद. चपला बसून, पाय उचलून घाला.

प्रश्न : आईला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. उंची 150 सें.मी., वजन 38 किलोवर आलंय. हलकी झाली तर दम कमी लागेल ना?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : उलट. या आजारात वजन घटतं तेव्हा श्वासाचे स्नायूही झिजतात. पोट गच्च भरलं की दम लागतो म्हणून त्या कमी जेवत असतील. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. नुसती पेज नको, सोबत अंडं किंवा बांगडा हवा. आणि वजन का उतरतंय ते शोधा : सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची टीबीसाठी तपासणी मोफत होते, ती याच आठवड्यात करून घ्या.