गाडी-गप्पा: जुन्या व्हॅनची चाकं आणि खारी हवा

जुन्या गाड्यांचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं चाकांचीच आली आणि तीही बहुतेक किनाऱ्यावरून. म्हणून यावेळी इंजिनाचे प्रश्न बाजूला ठेवलेत, फक्त टायर आणि रिम.

प्रश्न (देवगड): वडिलांची जुनी डिझेल मॅटाडोर आहे, पूर्वी हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला जायची. बरीच वर्षं मांगरात उभी आहे, चारही टायर बसलेत. टायरवाला म्हणतो आता रेडियल ट्यूबलेसच टाका, एकदाच खर्च होईल. टाकू का?

उत्तर: अजून एक रुपयाही खर्च करू नका. आधी जुने टायर उतरवून घ्या आणि नुसत्या रिम उन्हात ठेवून नीट बघा, कारण तुमच्याकडे टायर मरायच्या आधी रिम मरते आणि ती मरते आतून, जिथे टायर चढवलेला असताना कुणाची नजर जात नाही. टायरची कड, म्हणजे बीड, रिमला जिथे टेकते त्या फटीत खारा ओलावा शिरतो, लाल मातीची बारीक धूळ तो धरून ठेवते, आणि मांगरात उभ्या गाडीला ना ऊन ना वारा, त्यामुळे तो कधी सुकतच नाही. बाहेरून रंग छान दिसतो आणि आत खपल्या.

वायर ब्रश मारा, लोखंड दिसेपर्यंत. नुसता तांबूस गंज असेल तर काही नाही, घासून, झिंकवाला प्रायमर मारून रिम पुढची कित्येक वर्षं चालेल. पण पापुद्रे सुटत असतील तर तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, पत्रा दबला किंवा टोक आत गेलं तर ती रिम भंगारात. मधली ताटली आणि बाहेरचं कडं जिथे जोडलेलं असतं तो सांधा आणि नटांची भोकं हे दोन भाग तर भिंग घेऊन बघितले तरी चालेल. भोकापासून निघालेली केसासारखी चीर दिसली तर त्यावर चर्चा नको, ती रिम गेली. भोक गोल न राहता लांबट झालंय तरी तेच. कडेला नुसता बेंड असेल तर प्रेसवर काढून मिळतो, मात्र गॅसने लाल करून घन मारणाऱ्याकडे नेऊ नका, तापवलेला पत्रा मऊ पडतो आणि पुढच्या खड्ड्यात परत वाकतो.

आता ट्यूबलेसचं. ट्यूबलेसच्या रिमला आतल्या बाजूला, बीड बसते त्याच्या लगेच पुढे, गोल फिरलेला उंचवटा असतो, त्याला हंप म्हणतात. हवा कमी असताना वळणावर टायरची कड आत सरकू नये म्हणून तो. ट्यूबसाठी बनवलेल्या जुन्या रिमला बहुतेक वेळा तो नसतोच. गगनबावड्याच्या घाटात भरलेली गाडी वळवताना कड निसटली तर हवा सावकाश जात नाही, एका झटक्यात जाते. शिवाय गंजाने खड्डे पडलेली बीडची जागा आणि रिव्हेट मारलेली रिम असेल तर रिव्हेटच्या कडा, या दोन्हींतून हवा झिरपत राहते, मग रोज सकाळी पंप. त्यामुळे माझं मत विचाराल तर टायर ट्यूबचेच घ्या. रेडियल हवा असेल तर घ्या की, पण ट्यूब पण रेडियलचीच असू दे, कारण रेडियलची बाजू चालताना जास्त दबते-उठते आणि साधी ट्यूब त्यात घासून जाते. चढवायच्या आधी टायरच्या आत हात फिरवून कागदी स्टिकर असेल तर खरवडून काढायला सांगा, हे कोणी करत नाही आणि मग महिन्याभरात नेमकी तिथेच ट्यूबला भोक पडतं, पंक्चरवाला खिळा शोधत बसतो.

साइज जुन्या टायरवर वाचा. ६.७०-१५ अशा पद्धतीने लिहिलेलं असेल तर पहिला आकडा रुंदी इंचात आणि दुसरा रिमचा व्यास, तोही इंचात. त्याच्या शेजारी ६पीआर, ८पीआर असं काहीतरी असतं, ते वजन पेलायचं माप आहे. साइज जुळतो म्हणून कारचा टायर व्हॅनला घालायचा नाही, वजनाचं माप जुन्याइतकं किंवा जास्तच पाहिजे. एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन, म्हणजे जुन्या पद्धतीचा तिरक्या थरांचा टायर, आणि एक रेडियल हे तर अजिबात नको, आणि दोनच रेडियल घेणं परवडत असेल तर ते मागे. मला माहितीये तुम्ही म्हणाल मॅटाडोरची ताकद पुढच्या चाकांना असते मग चांगले टायर पुढे नकोत का, बजाज टेंपोने जर्मनीच्या टेंपोकडून घेतलेली ती रचनाच पुढून ओढणारी आहे, बरोबर. पण पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, स्टीअरिंगला कळतं, पाय वर घेता येतो. मागचं घसरलं तर ओल्या घाटात गाडी गरकन फिरते.

आणि शेवटचं, दुकानात "नवाकोरा पीस" म्हणून जो देतील त्याच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्याला झोपाळा करा मुलांना. जुन्या साइजचे टायर फार खपत नाहीत, ते दुकानाच्या माळ्यावर पडून पडून म्हातारे होतात, नक्षी पूर्ण असते आणि रबर मेलेलं असतं.

प्रश्न (हर्णै): मासळी वाहायची जुनी व्हॅन आहे. चाकं सारखी गंजतात म्हणून सगळ्या रिम पावडर कोटिंग करून घेतल्या, दिसायला एक नंबर झाल्या पण तेव्हापासून नट सैल होतात. दोनदा घट्ट केले. नट बदलू?

उत्तर: नट नका बदलू, रंग काढा! नट जिथे बसतो ती भोकाची कड आणि रिमची मागची बाजू जी ब्रेकच्या ड्रमला टेकते, या दोन जागा झाकून कोटिंग करायचं असतं, ते केलेलं नाही. पावडरचा थर साध्या रंगापेक्षा जाड, नट आवळला की घट्ट वाटतं, मग गाडी चालते, थर दबतो, फुटतो, आणि जेवढा तो पातळ झाला तेवढा नट सैल. दोन्ही जागा लोखंडापर्यंत साफ करा, नट एकाआड एक समोरासमोरचे आवळा, गोलगोल क्रमाने नको, आणि ५० ते ८० किलोमीटर चालवल्यावर परत पाना लावा. मधल्या काळात सैल नटांवर गाडी चालली असेल तर भोकं लांबट झाली नाहीत ना ते आधी बघा. आणखी एक, नटाचं तोंड काही गाड्यांत उतरतं शंकूसारखं असतं काहींत गोलसर, दुसऱ्या गाडीचे नट बसले म्हणून बसवू नका, आटे जुळतात पण तोंड जुळत नाही आणि मग दाब एका रेघेवर येतो.

बाकी तुमच्या गंजाचं मूळ हवेत कमी आणि गाडीच्या फरशीत जास्त आहे. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी कुठून गळतं बघा, नव्वद टक्के व्हॅनमध्ये ते मागच्या चाकाच्या आसपासच गळत असतं. तिथे पाइप लावून पाणी चाकापासून लांब सोडा, आणि रात्री गाडी लावताना चाकांवर आतल्या बाजूनेसुद्धा गोड्या पाण्याची नळी मारा. हे फुकटचं काम आहे, कोटिंगपेक्षा जास्त उपयोगी.

प्रश्न (वेंगुर्ला): गोव्यातून एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन घेतली आहे. एका ओळखीच्यांकडून त्याच कंपनीच्या व्हॅनच्या दोन जादा रिम मिळाल्या, पण भोकं जुळत नाहीत. तिलाही पाच, हिलाही पाच. अ‍ॅडॉप्टर प्लेट मिळते म्हणतात.

उत्तर: ही गडबड जगभरच्या लोकांची होते. या व्हॅनला १९७० च्या मध्यापर्यंत पाच भोकांचं वर्तुळ २०५ मिलिमीटरचं होतं, मोठ्या ड्रमवर बसणारं, त्यानंतरच्या गाड्यांना ते ११२ चं केलं. म्हणजे तुमची गाडी आणि रिम त्या सालाच्या दोन बाजूंच्या आहेत. अ‍ॅडॉप्टर लावू नका, चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर ताण येतो आणि पाचाऐवजी दहा नट सैल व्हायची सोय होते. त्या रिम ज्याच्या उपयोगाच्या त्याला द्या, बदल्यात तुमच्या मिळवा. मोठ्या वर्तुळाची रिम असेल तर बॅलन्सिंगला नेताना आधी फोन करून विचारा, साध्या मशीनचा मधला कोन त्या मोठ्या भोकात नुसता लटकतो, वेगळी प्लेट लागते.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर व्हिंटेज नोंदणीचा पण विचार करा. २०२१ च्या नियमाने अशा गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर काढता येते. रोज बाजारहाट करायचा असेल तर तो रस्ता तुमचा नाही.

प्रश्न (चिपळूण): रिमला बारीक चीर आहे. वेल्डिंगवाला म्हणतो हवा काढून टाका, टायर असू दे, पाच मिनिटात टाका मारून देतो. चालेल?

उत्तर: नाही. त्याला पण सांगा की नाही. टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग केलं की आतलं रबर तापून त्याचा गॅस होतो, तो पेट घेतो आणि टायर बॉम्ब फुटल्यासारखा फुटतो. हवा काढलेली असली तरी, व्हॉल्व्हची पिन काढलेली असली तरी. कधीकधी तर वेल्डिंग झाल्यावर थोड्या वेळाने फुटतो, माणूस चहा प्यायला वळलेला असतो. यात माणसं गेलेली आहेत. आणि टायर उतरवूनसुद्धा चीर पडलेल्या रिमला टाका मारण्यात अर्थ नाही, टाक्याच्या शेजारीच नवी चीर जाते. दुसरी रिम शोधा.

प्रश्न (खेड): जुन्या मिनीबसची चाकं रिंगवाली आहेत, बाजूला लोखंडी रिंग असलेली. घरी टायर बदलता येईल का? टॉमी आहे, कॉम्प्रेसर आहे.

उत्तर: टॉमी आणि कॉम्प्रेसर आहे पण पिंजरा आहे का, हवा भरताना चाक ज्यात ठेवतात तो? ती लॉक रिंग नीट बसली नसेल आणि हवा भरताना उडाली तर समोरच्या माणसाला वाचायची संधी नसते. हे काम ट्रकच्या टायरवाल्याकडे द्या, त्यातही ज्याच्याकडे लोखंडी पिंजरा आहे आणि जो लांब नळीने बाजूला उभा राहून हवा भरतो त्याच्याकडे. तुमच्याकडून एवढंच करा की चाक गाडीवरून सोडवायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. रिंग गंजून खड्डे पडलेली किंवा वाकलेली असेल तर ती टाकून द्या, दुसऱ्या चाकाची रिंग "बसते" म्हणून लावायची नाही. हवा भरलेली असताना रिंगवर हातोडी मारणारा दिसला तर गाडी तशीच परत आणा. आणि डाव्या बाजूचे नट सुटत नसतील तर पान्यावर उभं राहायच्या आधी स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टच्या, टोकाला एल (L) कोरलंय का बघा, बऱ्याच जुन्या गाड्यांना डावीकडे उलटे आटे असतात.

प्रश्न (मालवण): टायर चढवताना कडेला खोबरेल लावलं तर सोपं जातं, आमच्याकडचा पंक्चरवाला तर ग्रीसच लावतो. बरोबर आहे का?

उत्तर: दोन्ही नको. तेलाने रबर फुगतं आणि कड रिमवर घसरते, ब्रेक मारला की टायर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तिरका होऊन मुळातून फाटतो. टायर चढवायची पेस्ट मिळते, नाही मिळाली तर साबणाचं पातळ पाणी, ते सुकून जातं. कड बसत नाही म्हणून हवा वाढवत जाऊ नका, ४० पीएसआयच्या आत बसली पाहिजे, नाही बसली तर हवा सोडून परत साबण लावा. टायरवरच त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असेल तर तो पाळा.

प्रश्न (गुहागर): पावसात चार महिने व्हॅन चालवत नाही. टायर खराब होऊ नयेत म्हणून चाकं काढून गाडी चिऱ्यांवर टेकवून ठेवतो, ठीक आहे ना?

उत्तर: चाकं काढता ते ठीक, चिरे ठीक नाहीत. जांभा घरासाठी चांगला, पण पावसात भिजलेला चिरा एका बिंदूवर वजन आलं की न सांगता फुटतो, आणि तेव्हा नेमकं कोणीतरी खाली वाकलेलं असतं. लोखंडी स्टँड घ्या, मातीची जमीन असेल तर स्टँडखाली जाड फळी टाका म्हणजे ते आत रुतणार नाहीत. काढलेली चाकं धुऊन पूर्ण सुकवून घरात ठेवा, जनरेटर किंवा इन्व्हर्टरच्या खोलीत मात्र नको, तिथल्या ओझोनने रबराला चिरा पडतात. ड्रमच्या उघड्या तोंडावर आणि स्टडवर ग्रीसचा हलका हात फिरवून ठेवा, आणि गणपतीच्या आधी चाकं चढवताना तो रॉकेलच्या फडक्याने पूर्ण पुसून काढा.