मागून टक्कन आवाज येतो, पण सापडत नाही

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्याकडं 2009 ची 17 सीटर ट्रॅव्हलर आहे, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि सीटा काढून आत दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, कपाटं असं सगळं करून घेतलं. मिस्टर यंत्रमागावर जॉबर होते, आता रिटायर झालेत, आम्ही दोघं महिन्यातनं एकदा कुठं ना कुठं जातो. दिवाळीपासून गाडीला मागून टक्कन आवाज येतोय. एका गॅरेजवाल्यानं मागचे शॉकअप बदलले, दुसऱ्यानं पाट्याचे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, बुश बदलले, आवाज आहे तसाच. हळू चालवताना चिंव चिंव असं पण येतं, चिमणीसारखं. मिस्टर म्हणतात हा पाट्याचा आवाज नाहीच. परवा तुळजापूरच्या घाटात लई भीती वाटली. काय करावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, तुमच्या मिस्टरांच्या कानावर विश्वास ठेवा. ज्या माणसानं आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभं राहून नेमका कुठला माग चुकतोय ते ओळखलंय, त्याला गाडीचा आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त गाडीत काय शोधायचं ते माहीत पाहिजे.

दोन्ही गॅरेजवाल्यांनी तुम्हाला विचारलं असणार की आवाज कुठून येतो. तुम्ही म्हणालात मागून, झालं, मागचं जे दिसलं ते बदललं. पण कॅम्पर केलेली गाडी म्हणजे मोठा पत्र्याचा डबा, आतल्या सीटा काढल्या की ती ढोलासारखी घुमते, पुढचा आवाज चेसीतनं फिरून मागं ऐकू येतो. म्हणून कुठून येतो हे नंतर, आधी कधी येतो ते बघायचं. गिअर टाकून क्लच सोडताना? ॲक्सिलरेटर दिल्यावर? सोडल्यावर? स्पीडब्रेकरवर? रिव्हर्स टाकताना? एका कागदावर चार दिवस लिहून ठेवा, अगदी स्वयंपाकाच्या हिशोबाच्या वहीत लिहिलं तरी चालेल, आणि तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या.

त्याच्याही आधी घर रिकामं करा. भांडी, गॅसची टाकी, खुर्च्या, जॅक-पाना, कपाटातले ड्रॉवर सगळं बाहेर काढा आणि एक चक्कर मारा. पाण्याच्या टाकीचं पण बघा, 100 लिटरची टाकी म्हणजे 100 किलो वजन, अर्धी भरलेली असली की ब्रेक मारल्यावर पाणी पुढं येऊन आपटतं, तो धप्प आवाज लोक महिनोन्महिने शॉकअपचा समजतात. टाकी पूर्ण भरून एकदा आणि पूर्ण रिकामी करून एकदा, असं दोन्ही बघा.

घर रिकामं करूनसुद्धा टक्कन आणि चिंव चिंव दोन्ही राहिलं तर मला वाटतं तुमच्या गाडीचा क्रॉस गेलाय. इंजिनची ताकद मागच्या हाऊसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गिअरच्या पेटीपर्यंत, नेणारा जो लांब दांडा गाडीखाली असतो, प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या जॉइंटमधला अधिक चिन्हासारखा तुकडा म्हणजे क्रॉस. त्याच्या चार टोकांना चार वाट्या आणि प्रत्येक वाटीत सुईसारखी बारीक बेअरिंगं. ग्रीस संपलं की ह्या सुया कोरड्या घासतात, तोच चिमणीसारखा आवाज, तो हळू चालवताना ऐकू येतो कारण वेगात इंजिन आणि वारा त्याला झाकून टाकतात. सुया झिजून जागा झाली की मग टक्कन, पायानं ॲक्सिलरेटर दिला की एकदा आणि सोडला की परत एकदा. घाटात तुम्ही सारखं देत-सोडत होता म्हणून तिथं जास्त जाणवलं.

तपासायला मशीन लागत नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून किल्ली खिशात, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले, गिअर न्यूट्रल. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, तुमच्या गाडीला उंची आहे, उचलायची गरजच नाही. खाली सरकून जॉइंटच्या अलीकडे एक हात, पलीकडे दुसरा हात, आणि ओला कपडा पिळतो तसं उलट्या दिशांना पिळायचं. मागं हाऊसिंगमधली गरारी थोडी हलणार, ते चालतं, पण खुद्द क्रॉसमध्ये एक केसभरसुद्धा हालचाल नको. मग वाटीच्या कडेनं बोट फिरवा. बोटाला तांबडी कोरडी पूड लागली, अगदी गेरूसारखी, तर दुसरा पुरावा नको. ती गंजलेल्या सुयांची पूड असते. आपल्याकडची धूळ पण तांबूस असते म्हणून गोंधळू नका, धूळ सगळीकडं सारखी बसते, ही पूड फक्त वाटीच्या तोंडाशी असते.

तुमच्या लांबीच्या गाडीला शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. ते रबर बोटानं दाबून बघा, फाटलेलं किंवा कडक झालेलं असलं तर गाडी जागेवरून सुटताना थरथर येते. आपल्या सोलापूरच्या उन्हात, मे महिन्यात डांबर पायाला चिकटतंय तिथं गाडीखालचं रबर किती दिवस टिकणार.

मिस्त्रीकडं गेल्यावर दोन गोष्टी मात्र समोर उभं राहून करून घ्या. शाफ्ट खोलायच्या आधी खडूनं किंवा पेंटनं दोन्ही बाजूंना खूण करायला सांगा आणि परत खुणेला खूण जुळवूनच बसवा, एक दात जरी इकडं-तिकडं बसला तरी आवाज जाऊन थरथर सुरू होते आणि मग तुम्ही परत वेगळाच रोग शोधत बसता. दुसरं, नवीन क्रॉसला ग्रीस मारताना चारही वाट्यांमधून ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारायचं, तीनच वाट्यांतून आलं तर चौथी कोरडी आहे आणि सहा महिन्यांत परत चिमणी बोलायला लागणार.

मिस्टरांना सांगा, त्यांच्या कामाचं एक गणित आहे. तुमच्या टायरचा घेर साधारण 2.2 मीटर धरला तर ताशी 8 किलोमीटरला चाक सेकंदाला एक फेरा मारतं. शाफ्ट त्याच वेळी साधारण चार फेरे मारतो. म्हणजे अगदी हळू चालवत, खिडकी उघडून, कंपाउंडच्या लांब भिंतीला खेटून गाडी घ्यायची, आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट येतो (अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी सकाळी बरं पडतं), आणि ठोके मोजायचे. सेकंदाला एक आला तर चाक, ब्रेक किंवा टायरमध्ये अडकलेला खडा. तीन-चार आले तर शाफ्ट. गाडी उभी असताना नुसता रेस दिल्यावरही आला तर इंजिनकडचं. जॉबर माणसाला हे मोजायला घड्याळ पण लागणार नाही.

आणि क्रॉसला हलकं घेऊ नका. तो तुटला तर शाफ्ट खाली लोंबकळतो, पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उचलली जाऊ शकते. पुढची ट्रिप आवाज गेल्यावरच.

प्रश्न : गाडी 60 च्या वर गेली की घुंऽऽ असा आवाज येतो, वाढत जातो. गॅरेजमध्ये सांगितलं हाऊसिंग खोलावं लागेल, आतली गिअरची जोडी, क्राउन-पिनियन, गेलंय. खर्च मोठा सांगतायत. खोलू का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : लगेच नको. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असाच आवाज ऐकून एका गिऱ्हाइकाचं हाऊसिंग खोललं होतं, दोन दिवस घालवले, आत सगळं चांगलं होतं, दोष टायरचा निघाला. त्या माणसाचं तोंड अजून आठवतं. तेव्हापासून आधी टायरवर हात फिरवतो. तळहात टायरच्या नक्षीवर पुढून मागं आणि मग मागून पुढं फिरवा, एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर घुंऽऽ तिथलाच. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तरी टायरच.

टायर बरे असले तर मोकळ्या रस्त्यावर, मागं-पुढं कुणी नसताना, गाडी हळूच उजवीकडं आणि मग डावीकडं झुलवा. उजवीकडं वळताना वजन डाव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर डावं व्हील बेअरिंग. उलट असेल तर उजवं. बेअरिंगचा खर्च हाऊसिंगपेक्षा बराच कमी. आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर, सोडल्यावर वेगळाच सूर असं स्पष्ट होत असेल, आणि टायर, बेअरिंग दोन्ही चांगले निघाले, तर मग तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे, खोला. खोलायच्या आधी हाऊसिंगचं ऑइल काढून बघा, त्यात धातूची चमकी असली तर शंका राहत नाही.

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल व्हॅन आहे, इंजिन पुढच्या सीटखाली. मागं गादी टाकून मी आणि मित्र ट्रिपला जातो, रात्री गाडीतच झोपतो. सकाळी चालू केल्यावर टिक टिक टिक येतं, दहा मिनिटांनी आपोआप जातं. गरम झाल्यावर जातंय म्हणजे चालतंय ना? थोडा धुराचा वास पण असतो.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही, चालत नाही, आणि ह्या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे म्हणून नीट वाच. टॅपेटची, म्हणजे इंजिनचे वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, टिक टिक बहुतेक वेळा गरम झाल्यावरही राहते. जी थंडीत येते, गरम झाल्यावर जाते आणि सोबत वास असतो, ती बहुतेक एक्झॉस्टची गळती. इंजिनला सायलेन्सरचा पाइप जिथं जोडलेला असतो तिथलं गॅस्केट, म्हणजे जोड बंद ठेवणारी पातळ चकती, फुटतं, थंड असताना फटीतून फट् फट् हवा निघते, लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज जातो. फट पूर्ण बुजली का ते मात्र कानाला कळत नाही.

तुझं इंजिन सीटखाली, म्हणजे तो धूर तुमच्याच खोलीत येतोय. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. तुला जो वास येतोय तो बाकीच्या धुराचा, ह्याचा नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि झोपेत असशील तर हे पण कळत नाही, माणूस उठतच नाही.

सकाळी इंजिन थंड असताना सीट उचलून जॉइंटपाशी टॉर्च मार, काजळीचा काळा पट्टा दिसला की गळती तिथं. नाही दिसला तर मोकळ्या हवेत गाडी चालू करून मित्राला जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद धरायला सांग, फुस्स आवाज जिथं वाढेल ती जागा. गॅस्केट बदलायचं, बोल्ट गंजून तुटलेला असेल तर तो पण, आणि सीटखालच्या झाकणाचं रबर पण नवीन.

हे होईपर्यंत गाडीत झोपू नका. झाल्यावरही एसीसाठी किंवा मोबाइल चार्ज करायला इंजिन चालू ठेवून कधीच झोपू नका, आत शेगडी पेटवून तर अजिबात नाही, आणि झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, बॅटरीवर चालतो, तो उशीजवळ लाव. गेल्या ट्रिपला सकाळी तुमच्यापैकी कुणाचं डोकं जड होतं का ते आजच मित्रांना विचार, होतं असं कुणी म्हणालं तर गाडी मिस्त्रीकडं चालवत नेतानाही सगळ्या काचा पूर्ण खाली ठेव.