जॅम बँडमधला ‘जॅम’ आणि आपला ‘जाम’

प्रश्न असा आहे : ‘ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडला जॅम बँड म्हणतात. हा जॅम आपल्या “मैफल जमली”मधल्या जमण्यापासून आला आहे का? आणि मराठीत जॅम बँडला फ्यूजन बँड म्हटले तर चालेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चालणार नाही. तबला आणि गिटार एका व्यासपीठावर दिसले की निवेदक ‘आता जॅम ऐकू या’ म्हणून मोकळे होतात, आणि दोघांचे पाठ करून आणलेले सवाल-जवाब सुरू असले तरी त्यालाही जॅमच म्हणतात, हे मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. फ्यूजन हा शब्द संगीतात काय मिसळले आहे ते सांगतो; जॅम हा शब्द ते कसे वाजवले जात आहे ते, म्हणजे आधी न ठरवता सगळ्यांनी मिळून उत्स्फूर्तपणे वाजवणे, सांगतो. ग्रेटफुल डेडमध्ये मिश्रण भरपूर होते, यात शंका नाही. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात हा बँड उभा राहिला तेव्हा त्याचा गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया ब्लूग्रास या अमेरिकी ग्रामीण संगीतशैलीचा बँजो आणि जग बँडची, म्हणजे मातीचे बुधले फुंकून साथ करणाऱ्या वृंदांची, जुनी लोकगीते पचवून आलेला होता. १९६७ मध्ये दुसरा ड्रमवादक म्हणून आलेल्या मिकी हार्टने उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे धडे घेतले. पण हा बँड जॅम बँड ठरतो तो या मिश्रणामुळे नव्हे.

कशामुळे ठरतो, हे ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात कानाने तपासता येते. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ या गाण्याचे शब्द संपतात, पण गिटार, बास आणि दोन ड्रमसंच यांपैकी कोणीही थांबत नाही. जुन्या गाण्याची वीण सैल होत जाते, काही मिनिटे सगळे एकमेकांकडे कान लावून वाजवत राहतात, आणि आपण ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये कधी शिरलो हे ऐकणाऱ्याला उशिराच कळते. सांधा नेमका कुठे आहे, यावर बोट ठेवता येत नाही. या दुसऱ्या गाण्याचे मूळ दिगा ऱ्हिदम बँडच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेतील एका रचनेत आहे, आणि त्या तालवाद्यवृंदात हार्टच्या जोडीला मुंबईचे झाकीर हुसेन होते, हे मराठी श्रोत्याने अवश्य लक्षात ठेवावे.

आता शब्दाकडे वळू. इंग्रजी जॅमचा मूळ अर्थ दाबणे, कोंबणे, घट्ट अडकणे असा आहे आणि तो अठराव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. फळे दाबून केलेला गोड पदार्थही बहुधा त्यातूनच निघाला. जॅझ वादकांनी हा शब्द १९२० च्या दशकाच्या अखेरीस सर्वांनी मिळून केलेल्या उत्स्फूर्त वादनाला लावला. ‘जॅम बँड’ हे नाव मात्र बरेच पुढे, १९९० च्या दशकात रूढ झाले. जॅम शब्दाचा हा जॅझमधला अर्थ गोड पदार्थावरून आला, म्हणजे ‘कार्यक्रमातला गोड घास’, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. एकाच अवकाशात सगळ्यांनी एकाच वेळी शिरणे ही त्या वादनाची मुख्य खूण आहे, आणि ती गोडीत नसून दाटीत आहे.

दाटीच्या शब्दांचे पुढे काय होते, हे पाहायला मराठीसारखी दुसरी भाषा नाही. पोते खच्चून भरतात आणि माणूस खच्चून ओरडतो. बंदुकीत दारू ठासून भरत, आणि आपण एखादी गोष्ट ठासून सांगतो. दाबून भरण्याचा अर्थ असा जोर दाखवणाऱ्या अर्थाकडे सरकतो. ‘जाम भूक लागली’, ‘जाम मजा आली’ यांतला जाम याच वाटेने आला आहे, असे माझे ठाम मत आहे : आधी ‘दार जाम झाले’, म्हणजे घट्ट बसले, आणि मग जाम म्हणजे अतिशय. हा जाम फारसीतल्या मद्याच्या प्याल्यावरून आला, असे सांगणाऱ्यांनी भुकेचा आणि प्याल्याचा संबंध दाखवून द्यावा. उच्चाराचा पुरावाही माझ्या बाजूने आहे. इंग्रजी शब्द कानावरून मराठीत आले तेव्हा त्यांतल्या ‘अॅ’चा ‘आ’ होत असे. जाकीट, ट्राम आणि गॅसलाइटचे घासलेट ही त्याची उदाहरणे घरोघरी होती. म्हणजे ‘जाम’ ही त्या पिढीची उसनवारी आहे, तर पावाला लावायचा आणि बँडच्या नावातला ‘जॅम’ हा पुढच्या, इंग्रजी वाचणाऱ्या पिढीचा शब्द आहे. एकच शब्द आपल्याकडे दोन दारांनी आला.

राहिले ‘जमणे’. काही अभ्यासक त्याचा संबंध अरबी ‘जमा’शी लावतात, काही प्राकृत ‘जम्म’शी, म्हणजे जन्माशी, यांतले कोणतेही खरे धरले तरी इंग्रजी जॅमपर्यंत रस्ता जात नाही, आणि केवळ ध्वनी जुळतो म्हणून नाते सांगणे हे व्युत्पत्तिशास्त्र नव्हे. जॅमच्या आशयाच्या जवळ जाणारा आपला शब्द जुगलबंदी नाही, कारण तिथे दोघेच असतात. तो शब्द मैफल आहे. मैफल ज्या अरबी धातूवरून आली त्याचा अर्थ मोठ्या संख्येने गोळा होणे असा आहे, आणि जनावराच्या कासेत दूध दाटून येते त्यालाही अरबीत तोच धातू वापरतात.