मिसिसागाला येताय, तर हॉकीचं डिपॉझिट आत्ताच भरू नका

ऑगस्टमध्ये ठाण्याहून कॅनडातल्या मिसिसागाला कायमचे राहायला येणाऱ्या एका वडिलांनी मला विचारलंय: "ताई, मुलगा आठ वर्षांचा आहे, नोव्हेंबरमध्ये नववं पूर्ण होईल. दोन वर्षं इनलाइन स्केटिंग करतोय. तिथल्या एका खासगी आइस हॉकी प्रोग्रामवाल्यांशी बोलणं झालं, जागा धरून ठेवायला आत्ताच १,५०० डॉलर मागतायत. मी म्हणतो भरून टाकू, नव्या देशात त्याला पहिल्या दिवसापासून काहीतरी हक्काचं मिळेल. हिचं म्हणणं, आधी घर, शाळा, मग बाकीचं. काय करावं?"

सविस्तर लिहिते, कारण हाच वाद आमच्या घरात दोन हिवाळे चालला होता. तेव्हा मी तुमच्या बाजूला होते आणि आमचे हे वहिनींच्या.

आधी उत्तर: पैसे भरू नका. पण मुलाला पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर नक्की उतरवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि खासगी प्रोग्रामवाले त्या एकच असल्यासारख्या सांगतात.

जानेवारीत नौपाड्याला आईकडे आले होते तेव्हा तुमच्या कोलशेतच्या सोसायटीत तासभर बसले होते, आठवत असेल. चहा होईपर्यंत तुमचा लेक खाली पोडियमवर चकरा मारत होता. पेव्हर ब्लॉकवर चाकांचा खडखडाट, गुडघे छान वाकलेले, नजर पुढे. मला फार कौतुक वाटलं. पण थांबायची वेळ आली की तो उजव्या पायाची टाच टेकवत होता, कारण ब्रेक तिथे आहे. बर्फावरच्या स्केटला ब्रेक नसतो. दोन्ही पाती एकदम आडवी फिरवून, बर्फाचा भुगा उडवत थांबावं लागतं. ते जमेपर्यंत मूल एकतर कडेच्या फळीवर जाऊन आदळतं, नाहीतर मुद्दाम खाली बसतं. पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, आणि सगळी हॉकी त्या कडांवर झुकण्यात आहे. चाकांची दोन वर्षं वाया जाणार नाहीत, तोल आणि ढकल त्याला आहेच. पण थांबणं, वळणं आणि उलटं जाणं नव्यानं शिकावं लागेल.

त्या दिवशी वहिनींनी विचारलं होतं, "हॉकी म्हणजे आपल्या धनराज पिल्लेची ना?" प्रश्न अगदी रास्त होता. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. १९९४ साली संसदेत कायदा करून तिला देशाचा हिवाळी राष्ट्रीय खेळ ठरवलंय. आपल्याकडे पोरं क्रिकेटवर बोलतात तशी तिथल्या शाळेत सोमवारी हॉकीवर बोलतात. म्हणून मुलाला तो खेळ मिळावा असं तुम्हाला वाटतं ते मला मनापासून पटतं.

आता त्याची खरी अडचण सांगते. तिथे वयोगट ३१ डिसेंबरवर ठरतो. या वर्षी तो नऊचा होणार, म्हणजे नऊ वर्षांखालच्या यू-९ मध्ये नव्हे, अकरा वर्षांखालच्या यू-११ मध्ये जाणार. यू-९ पर्यंतची मुलं अर्ध्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) खेळतात, यू-११ ला पूर्ण, २०० फूट लांब नि ८५ फूट रुंद. आणि त्या गटातली बरीच मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासून स्केटवर आहेत. शिवाय नोव्हेंबरचा जन्म म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी लहान. निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात हे रॉजर बार्न्सली या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञानं १९८५ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा पहिल्या वर्षी कोणी म्हणालं की "मुलगा मागे आहे", तर ते त्याच्या अंगच्या गुणाबद्दल आहे असं समजू नका.

अशा मुलासाठी मला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली सोय म्हणजे फर्स्ट शिफ्ट. सहा ते दहा वर्षांच्या, याआधी कधीच हॉकीत नाव न घातलेल्या मुलांसाठी ती आहे. दोन-अडीचशे डॉलरच्या घरात डोक्यापासून पायापर्यंत नवं सामान मापानं मिळतं आणि बर्फावरची सहा सत्रं. जागा भराभर संपतात, म्हणून उतरल्याबरोबर जवळच्या क्लबकडे चौकशी करा. त्याच्या जोडीला महापालिकेचे स्केटिंगचे वर्ग. आणि हिवाळ्यात सेलिब्रेशन स्क्वेअरवर, सिटी हॉलच्या समोर, उघड्यावरची रिंक असते, तिथे स्केटिंग फुकट. मुलाला आठवड्यातून तीनदा तिथे न्या. या वयात सुधारणा होते ती बर्फावर घालवलेल्या मिनिटांनी.

मग खासगी प्रोग्राममध्ये वाईट काय? सगळंच वाईट नाही, आणि मी तसं म्हटलं तर खोटं होईल. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना आम्ही त्याला एका खासगी प्रोग्राममध्ये घातलं. हट्ट माझा होता. पहिल्या हंगामाचे साडेसहा हजार डॉलर. बारा मुलं, तीन प्रशिक्षक. पहिल्या तीन महिन्यांत त्याचं स्केटिंग इतकं सुधारलं की मी व्हिडिओ काढून आईला ठाण्याला पाठवायचे. क्लबात आठवड्याला एक सराव नि एक सामना, इथे तीनदा बर्फ. शिकवणारे खेळातले जाणकार, कुणाचे तरी हौशी बाबा नव्हेत. हे सगळं खरं होतं.

डिसेंबरनंतर बाराची वीस मुलं झाली. ज्या प्रशिक्षकाकडे बघून आम्ही नाव घातलं होतं तो दुसऱ्या गटाला गेला. आम्ही विचारायला गेलो तेव्हा करार पुढे ठेवला: पैसे परत नाहीत, गटाच्या आकाराची हमी नाही. मी तो करार वाचला नव्हता, फक्त शेवटच्या पानावर सही केली होती. दुसऱ्या वर्षी तरी सुधारेल म्हणून पुन्हा भरले.

पण मला आजही टोचतं ते पैशांचं नाही. माझा भाऊ शाळेत असताना पहाटे पावणेसहाची स्लो लोकल पकडून ठाण्याहून दादरला क्रिकेटच्या नेटला जायचा. त्याच्याएवढी किटबॅग दोन पायांत धरून दाराशी उभा. बाबांनी त्याला कधी उठवलं नाही, तोच बाबांना उठवायचा. माझ्या मुलाला त्या दोन हिवाळ्यांत मी रोज हलवून उठवत होते. पूर्वी तो शाळेतून आला की गॅरेजच्या दाराशी स्टिक घेऊन टेनिसबॉल मारत बसायचा. ते कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. एका शनिवारी, सकाळी सहा वाजता, पंचेचाळीस मिनिटं गाडी चालवून पोहोचल्यावर तो पार्किंगमध्ये सीटबेल्ट न सोडता म्हणाला, "आई, इथे माझ्या शाळेतलं कोणीच नाही गं." बस, एवढंच. मी त्याला आत नेलं. त्या दिवशी गाडी परत फिरवायला हवी होती.

पुढच्या सप्टेंबरला तो पुन्हा घराजवळच्या क्लबाच्या हाउस लीगमध्ये गेला आणि सोळाव्या वर्षापर्यंत आनंदानं खेळला.

हाउस लीग म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण ठाण्यात त्याला जोड नाही. निवड नसते, नाव घातलेल्या प्रत्येकाला संघ मिळतो, आणि सगळ्यांना साधारण सारखा वेळ बर्फावर पाठवतात. आमच्याकडे ठरावीक वेळानं भोंगा व्हायचा की पाचही मुलं बदलायची, मग ती कितीही चांगली असोत. प्रशिक्षक म्हणजे कुणाचे तरी आई-बाबा, पण हॉकी कॅनडा या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रशिक्षण घेतलेले. आमची फी सातशे डॉलरच्या आसपास होती.

आणि कपडे बदलायची ती खोली. पहिल्या दिवशी मी मुलाच्या स्केटच्या नाड्या बांधत होते, बुटाच्या बांधतो तशा, वरून ओढून. शेजारची बाई गुडघ्यावर बसली, सगळ्या सोडल्या आणि पंजापासून एकेक फुली बोटानं उचलून घट्ट करत वर आली. घोट्याशी आल्यावर म्हणाली, "इथे सैल राहिलं तर पाय मुडपतो." त्याच बाईनं पुढे जानेवारीच्या एका वादळी संध्याकाळी, मी कामावर अडकलेले असताना, माझ्या मुलाला शाळेतून घरी नेऊन जेवू घातलं. तिच्या लेकाचे लहान झालेले स्केट आम्ही वापरले. नवीन देशात पहिल्या वर्षी आपल्याला सगळ्यात जास्त गरज अशा माणसांची असते, आणि ती दहा मिनिटांच्या अंतरावर राहणारी असावी लागतात. खासगी प्रोग्रामला मुलं चार गावांतून येतात, सराव संपला की गाड्या चार दिशांना जातात.

गाडीचं तर आधी बोलायला हवं होतं. मिसिसागाच्या ऑन्टारियो प्रांतात राहायला आल्यावर भारतातल्या लायसन्सवर ६० दिवस चालवता येतं, मग तिथलं काढावं लागतं. ठाण्याच्या आरटीओतून तुमच्या लायसन्सचं आणि किती वर्षं चालवताय त्याचं अधिकृत पत्र काढून आणा, म्हणजे नवशिक्यासारखी वर्षभर वाट बघावी लागणार नाही. मिसिसागा-ब्रॅम्प्टनला गाडीचा विमा महाग असतो, तो हिशोबात धरा. तुमच्यापैकी एक जण नोकरी शोधत असेल, दुसरा मिळेल त्या पाळीत असेल. अशात आठवड्यातून तीनदा लांबच्या रिंकवर, अंधारात, बर्फातून गाडी चालवणं कोणाच्या वाट्याला येईल? वहिनी "आधी घर, शाळा" म्हणतात त्याचा अर्थ मला हा वाटतो.

हॉकीचं सामान ठाण्याहून अजिबात घेऊ नका. हेल्मेट आणि तोंडावरची जाळी कॅनडाच्या सीएसए या मानक संस्थेच्या प्रमाणपत्राचीच लागते, गळ्याचा पट्टाही सक्तीचा. हेल्मेट सोडलं तर बाकी सगळं वापरलेलं चालतं, मुलं सामान फाटायच्या आत वाढतात. पैशांची ओढाताण असेल तर कॅनेडियन टायर या दुकानांच्या साखळीच्या जंपस्टार्ट या धर्मादाय संस्थेकडे फीसाठी अर्ज करता येतो. यात लाजण्यासारखं काही नाही, खूप घरं करतात. मुलांच्या खेळाच्या फीवर केंद्राची करसवलत मिळते असं कोणी सांगितलं तर ती २०१७ पासून बंद आहे.

वहिनींसाठी दोन शब्द, कारण त्यांना मार लागायची भीती आहे. अंगानं धडक द्यायची परवानगी १३ वर्षांखालच्या गटातून हॉकी कॅनडानं २०१३ मध्येच काढून टाकली, आणि आमच्या प्रांतात हाउस लीगमध्ये ती कुठल्याच वयाला नाही. रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी २०१३ मध्ये डोक्याच्या माराकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गेली. तिच्या नावाचा कायदा ऑन्टारियोनं २०१८ मध्ये केला: डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी मुलाला लगेच खेळातून बाहेर काढायचं, डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत परत नाही. नाव घालताना त्याची माहिती वाचल्याची सही द्यावी लागते. ती नुसती सही म्हणून देऊ नका, दोघंही वाचा.

दोन हिवाळ्यांनंतर मुलगा स्वतःहून जास्त मागायला लागला, सकाळी तुमच्या आधी उठून बॅग भरायला लागला, तर खासगीचा विचार जरूर करा. तेव्हा आधी विचारा की लीग हॉकी कॅनडाच्या मान्यतेची आहे का, कारण नसेल तर विम्याचे आणि परत क्लबात येण्याचे प्रश्न उभे राहतात. गटात जास्तीत जास्त किती मुलं आणि कुठला प्रशिक्षक, हे करारात लिहून मागा. मध्येच सोडलं तर किती परत मिळणार तेही. लिहून द्यायला तयार नसतील तर उठून या. आणि संघ नको, नुसतं स्केटिंग सुधारायचं असेल तर दहा तासांची शिकवणी वेगळी लावता येते. पहिल्या वर्षी तुम्हाला खासगीत काही घ्यायचंच असेल तर तेवढंच घ्या.

क्लबात नाव घालायला मात्र ऑगस्ट उशिराचा आहे. नोंदणी वसंतातच सुरू होते आणि हंगाम सप्टेंबरचा. पत्ता नक्की झाला की मला कळवा, त्या भागाचा क्लब कोणता आणि प्रतीक्षा यादी आहे का ते मी फोन करून बघते.

आणि एक करा. लेकाला मोजे घालून वहीच्या पानावर उभं करा, पेन्सिलीनं पाय आखा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटर लिहा आणि फोटो पाठवा. स्केटचा नंबर बुटापेक्षा एक-दीडनं लहान असतो, त्यामुळे बुटाचा नंबर नको. माझ्या लेकीचे नवव्या वर्षीचे आणि दहाव्या वर्षीचे असे दोन जोड गॅरेजमध्ये आहेत. बसले तर धार लावून ठेवते.