एसएसबी तीन महिन्यांवर आणि वजन पाच किलो जास्त

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा, उंची १७० सेंमी, वजन ६९ किलो. एनडीएची लेखी परीक्षा पास झालाय, एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत, तिच्यानंतर मेडिकल) तीन महिन्यांवर आहे. जिमचा ट्रेनर म्हणतो, मेडिकलआधी आठवडाभर पाणी तोडून घाम काढला की वजन बसेल. करू द्यावं का? – एक आई, वर्तकनगर, ठाणे

ताई, अजिबात नको.

१७ ते २० वयात १७० सेंमी उंचीला कमाल वजन ६३.६ किलो चालतं, किमान ५२. म्हणजे ५.४ किलो उतरवायचे. पण आधी घरात मोजपट्टी काढा. कुस्ती, बॉक्सिंग किंवा बॉडीबिल्डिंगचा लेखी पुरावा असलेल्या पीळदार मुलांना सवलत असते : बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ पर्यंत, कंबर ९० सेंमीच्या आत, कंबर-नितंब गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. त्याचा बीएमआय २३.९ आहे. स्पर्धेची प्रमाणपत्रं असतील तर फाइलला लावा. जिमच्या पावतीवर विसंबू नका.

प्रमाणपत्रं नसतील तर आठवड्याला अर्धा किलो, अकरा आठवडे. जेमतेम बसतं, म्हणून आजच सुरुवात. रात्रीचा भात निम्मा, वडापाव आणि गोड चहा बंद. उसळ, अंडी, ताक वाढवा. आठवड्यातून चार सकाळी उपवनहून येऊरचा चढ. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर. क्रिएटिन (जिममधली स्नायूंसाठीची पावडर) घेत असेल तर थांबवा : त्याने अंगात पाणी धरतं, शिवाय रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम तपासतात, वाढलेलं दिसू शकतं.

पाणी तोडून काटा खाली येतो, चरबी जागच्या जागी. नाडी जलद होते, लघवी घट्ट होते, आणि मेडिकलमध्ये नेमकं हेच तपासतात. ठाण्याच्या दमट हवेत रेनकोट घालून धावणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात.

शिवाय हा काटा एकदाच भेटत नाही. भरती झाल्यावरही दरवर्षी मेडिकल असतं; वजन जास्त भरलं तर मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीची श्रेणी) उतरते, मग कोर्स आणि बढती अडते. अमेरिकेत चरबी मोजायला कमरेला टेप लावण्याच्या तारखेआधी उपाशी राहणारे, जुलाबाची औषधं घेणारे सैनिक नवे नाहीत. तिथल्या लष्कराने २०२३ साली फिटनेस चाचणीत ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्यांना टेपमधून सूट दिली. इथे तसं काही गृहीत धरू नका.

मेडिकलमध्ये अनफिट ठरलाच, तर अपील बोर्डासाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी, ४२ दिवस मिळतात. अर्ध्या किलोच्या हिशेबाने त्यात तीन किलो उतरतात, साडेपाच नाही.