मुलगा म्हणतो, लहान मुलांचं नर्सिंग करायचंय

इंदूरच्या रामबागेतून एका बाबांचं पत्र आलंय, चांगलं तीन पानी. थोडक्यात सांगायचं तर मुलगा 19 वर्षांचा, बारावीला बायोलॉजी घेऊन 71 टक्के, नीट दोनदा दिली आणि दोन्ही वेळा फार खाली राहिला. आता तिसऱ्या ड्रॉपसाठी, म्हणजे नीटपायी आणखी एक वर्ष घालवायला, भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये फी भरायची तयारी चाललीय. मध्ये मोठ्या मुलीचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, 1400 ग्रॅमचं, 22 दिवस हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या नर्सरीत होतं, आणि तेव्हापासून हा म्हणतोय की मला लहान मुलांचं नर्सिंग करायचंय. इंग्लंडच्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीची 'चिल्ड्रन्स नर्सिंग'ची डिग्री मोबाइलवर काढून घरात सगळ्यांना दाखवत फिरतो. बाबा लिहितात, "ताई, तुम्हीच समजवा त्याला. आमच्या घराण्यात कुणी कंपाउंडर झालेलं नाही. मुलगी असती तर एकवेळ ठीक होतं, पण मुलगा नर्स? लोकांना काय सांगू?"

दादा, समजवायला माझी ना नाही, फक्त कुणाला समजवायचं यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

तुमच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, तुम्ही ती टोमणा मारल्यासारखी लिहिलीय: 'शर्टाची बटणं उघडून तासन्‌तास भाचीला छातीशी धरून बसायचा, तिथनंच डोकं फिरलं.' ती ओळ मी तीनदा वाचली. ह्याला कांगारू मदर केअर म्हणतात. 1978 च्या सुमारास कोलंबियात, बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी हे सुरू केलं, आज आपल्याकडेही सरकारी नर्सऱ्यांमध्ये करून घेतात. उघड्या अंगाशी बाळ बांधून ठेवायचं, त्याला ऊब मिळते, श्वास नीट चालतो, वजन धरतं. आईला बरं नसेल तर घरातलं कुणीही निरोगी माणूस बसू शकतं. तुमच्या मुलीचं सीझर, त्यात ताप, जावई पुण्याला नोकरीवर, म्हणून सिस्टरनं ह्याला बसवलं. एकोणीस वर्षांचं पोरगं, हातात मोबाइल नाही, हलायचं नाही, छातीवर सव्वा-दीड किलोचा जीव आणि समोर मॉनिटर, असं तो रोज दोन-दोन तास बसला. दोन वर्षं कोचिंगच्या खुर्चीत तो एवढा स्थिर बसला होता का हो? आणि त्यावर घरातनं त्याला मिळालं काय, तर "डोकं फिरलं", आणि चुलतभावांकडनं "भिया, अब डायपर बदलेगा क्या". पत्रात मार्क सात वेळा आलेत, मी मोजले. मुलगा स्वतः काय बोलला त्याचं एकच वाक्य आहे आणि तेही तुमच्या शब्दांत.

आता त्या कंपाउंडर शब्दाबद्दल. तुमच्या डोक्यात नर्स म्हणजे डॉक्टर सांगेल ते करणारा माणूस आहे, आणि लहान मुलांची नर्स म्हणजे तेच काम पण सोपं, कारण पेशंट छोटा. उलटं आहे सगळं. मोठ्या माणसाला तापाची गोळी म्हणजे एक गोळी, विषय संपला. पोराला पॅरासिटामॉल द्यायचं तर किलोमागे 15 मिलीग्रॅम धरतात, म्हणजे आधी वजन करा, 8 किलो असेल तर 120 मिलीग्रॅम, मग बाटली उचलून वाचा की 5 मिलीत 125 आहेत का 250, कारण चुकीची बाटली हातात आली की डोस दुप्पट. सलाइनचा मायक्रोड्रिप सेट असतो त्यात एका मिलीला 60 थेंब पडतात, ते मोजायचे. शिरेसाठी पिवळी 24 नंबरची सुई, अगदी नवजात असेल तर जांभळी 26 नंबरची, आणि ती शीर कशी शोधतात ते मी स्वतः पाहिलंय, रात्री दोनला, माझ्या नात्यातल्या एका बाळाजवळ उभी राहून. ब्रदरनं दिवा मालवला, बाळाच्या तळहाताखाली छोटी बॅटरी धरली, हात आतून लाल उजळला आणि त्यात दोऱ्यासारखी काळी रेघ दिसली. होय, ब्रदर होता, मुलगाच. त्याच ब्रदरनं पहाटे नळीतून दूध दिलं, सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती उंच धरून, ढकललं नाही, आपोआप उतरू दिलं. आणि बाळ चोखायला लागल्यावर जे छोटं भांडं आणलं ते आपलं बोंडलंच हो, आजी वापरायची तेच, नर्सरीत त्याला पलाडाई म्हणतात. बाळाला कुठं दुखतंय सांगता येत नाही, तर त्याचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि उचलल्यावर शांत होतंय का, ह्या पाचांना 0 ते 2 गुण देऊन दुखणं मोजतात. हे सगळं करणाऱ्याला कंपाउंडर म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

चिरंजीवांनाही दोन शब्द, कारण तुझंही सगळं बरोबर नाहीये. भारतात बारावीनंतर थेट लहान मुलांच्या नर्सिंगची वेगळी डिग्री नसते. बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं, त्यात मुलांचा विषय पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला येतो, त्याआधी म्हाताऱ्यांचे बेडपॅन, बेडसोर, ऑपरेशनचे पेशंट, पुढे मानसिक रुग्ण, बाळंतपणं, गावोगावची कम्युनिटी पोस्टिंग, सगळं करावं लागतं. मग एखादं वर्ष नोकरी आणि 2 वर्षांचं एमएस्सी, चाइल्ड हेल्थ घेऊन, किंवा नवजात बाळांसाठी 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. तुझी भाची घरी आली. सगळी बाळं घरी जात नाहीत, आणि ज्या पाळण्यातलं बाळ गेलं तो पुसून तासाभरात दुसऱ्यासाठी तयार करायचा असतो, तोही तुलाच. हे सहन होईल का ते बघ आधी.

इंग्लंडची ती डिग्री खरी आहे. तिकडे मोठ्यांचं, मुलांचं, मानसिक आणि लर्निंग डिसॅबिलिटी अशा नर्सिंगच्या चार वेगळ्या शाखाच आहेत, 3 वर्षांत होतं. पण परदेशी विद्यार्थ्याची फी घर गहाण टाकायला लावेल, आणि उद्या परत यायचं ठरलं तर इथे भारतीय नर्सिंग परिषदेकडून समकक्षता बघावी लागते, त्यात तिकडे बाळंतपणाचं शिक्षण ही वेगळीच डिग्री, इथे ते प्रत्येक नर्सला लागतं. इथलं बीएस्सी करून, अनुभव घेऊन, त्यांची इंग्रजीची आणि कौशल्याची परीक्षा देऊन दरवर्षी कितीतरी लोक जातात, तो रस्ता स्वस्त आहे.

पीएनएसटीचं, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातल्या नर्सिंग प्रवेश परीक्षेचं, नोटिफिकेशन नीट वाच. सरकारी कॉलेजातल्या बीएस्सीच्या जागा आपल्याकडे मुलींसाठीच ठेवत आलेत, दिल्लीच्या एम्सलाही बीएस्सी ऑनर्स नर्सिंग मुलींनाच. पुढे एम्सच्या नोकऱ्यांत 80 टक्के जागा बायकांना, 20 पुरुषांना ठेवत आलेत. म्हणजे मुलगा म्हणून अडचण आहे, खरी आहे. पण ती जागांची अडचण आहे, 'लोक काय म्हणतील'ची नाही, बाबांनी काळजी करायची तर ही करावी.

आणि दादा, तुमची खरी गरज इथेच आहे. मुलगा म्हणजे बहुधा प्रायव्हेट कॉलेज, आणि आपल्या मध्य प्रदेशात प्रायव्हेट नर्सिंग कॉलेजांचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंय. हायकोर्टाच्या आदेशानं सीबीआयनं कॉलेजं नियमात बसतात का ते तपासलं, 2024 मध्ये तपासायला गेलेल्यांतलेच काही जण लाच घेताना सापडले, आणि पोरांच्या परीक्षा वर्षानुवर्षं लटकल्या. तेव्हा ब्रोशर बघून फी भरू नका. भारतीय नर्सिंग परिषदेच्या आणि राज्याच्या काउन्सिलच्या यादीत नाव बघा, चालू वर्षाचं. कॉलेजचं स्वतःचं निदान 100 खाटांचं हॉस्पिटल लागतं, ते कुठंय विचारा आणि मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराला न सांगता तिथं जा. खाटांवर पेशंट आहेत का नुसत्या चादरी, ते दिसेलच. गेटबाहेर चहा पिणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, मुलांच्या वॉर्डची पोस्टिंग कुठं झाली रे? उत्तर द्यायला वेळ लागला तर परत फिरा. हे काम मुलापेक्षा बापाला चांगलं जमतं.

तिसऱ्या ड्रॉपची फी भरू नका. भरली असेल तर पावती घेऊन उद्याच जा आणि परत मागा, भांडावं लागेल. मुलाला एकट्याला माझ्याकडे पाठवा, तुम्ही खाली पोहे खा तोवर.

आणि हो, तीन पानांत नातीचं आता वजन किती झालं ते लिहायचं राहिलंय. कळवा.