स्लॅककडे आधी बघ

डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिसमध्ये (डीईए), म्हणजे संस्था आपल्या इनपुटमधून (साधनांमधून) किती कार्यक्षमतेने आउटपुट काढतात हे तुलनेने मोजताना, सीसीआर (चार्न्स, कूपर, रोड्स यांचं मॉडेल) आणि एसबीएम (स्लॅक-आधारित मापन) ही दोन मॉडेलं तू चालवलीस. सीसीआरपेक्षा एसबीएमचे गुण कमी आले म्हणून घाबरू नकोस. दिशा (इनपुट कमी करायचं की आउटपुट वाढवायचं) आणि रिटर्न्स टू स्केलचं गृहीतक (इनपुट वाढवलं की आउटपुट किती प्रमाणात वाढतं) दोन्हीकडे सारखं असेल, तर एसबीएमचा गुण सीसीआरच्या वर जाऊच शकत नाही. वर गेला, तर कोडमधली चूक शोध.

एक उदाहरण हाताने सोडव, मग फरक डोक्यात पक्का बसतो. दोन रुग्णालयं, रुग्णसंख्या सारखीच. पहिल्यात 10 डॉक्टर, 40 खाटा. दुसऱ्यात 10 डॉक्टर, 60 खाटा. सीसीआरसारखं रेडियल मापन सगळी इनपुट एकाच प्रमाणात कापतं. इथे डॉक्टर कापायला जागाच नाही, म्हणून दुसऱ्यालाही 1 मिळतो आणि 20 जादा खाटा स्लॅकमध्ये, म्हणजे गुणात न मोजलेल्या शिल्लक कपातीत, पडून राहतात. इनपुटकडून पाहणारं एसबीएम मात्र प्रत्येकाची जादा भर वेगळी मोजतं: डॉक्टरांची 0, खाटांची 20/60, सरासरी 1/6. ती 1 मधून वजा केली की गुण 0.83.

1978 च्या सीसीआरमध्ये स्लॅकचा विचार होताच, पण तो थीटाच्या, म्हणजे सीसीआरच्या गुणाच्या, आकड्यात उतरत नाही. एसबीएम मांडणारे संशोधक काओरू टोने यांनी 2001 मध्ये तो थेट गुणातच आणला.

म्हणून एसबीएमच चांगलं असं मात्र धरून चालू नकोस. ते गुण कमीत कमी करत असल्याने बहुधा लांबचं (जास्त बदल मागणारं) लक्ष्य दाखवतं, आणि ते व्यवस्थापकाला झेपेलच असं नाही. इनपुट खरोखर एकमेकांबरोबर हलत असतील, तर रेडियल घे. एकेक वेगळं कमी करता येत असेल, तर एसबीएम. माझं ऐकशील, तर प्रबंधात दोन्ही दे, शेजारी स्लॅकचा तक्ताही जोड.